नंदाबाईचा पाय

माझी आई पायाळू होती. म्हणजे जन्मताना तिचं डोकं आधी न येता पाय आधी बाहेर आले. आमच्या मावळात अशा माणसाला केवढा भाव! कुणाच्या पाठीत उसण भरली, कंबर धरली, वाकलेलं माणूस सरळ होईना, की त्याला पायाळूकडं नेतात. पायाळूनं दुखऱ्या जागी तीनदा पाय लावायचा, असं तीन दिवस करायचं, की उसण उतरते. मी आईला सुनवायचे, "अगं, उसण तशीही तीन दिवसांत उतरतेच." ती म्हणायची, "मंग तुज्या गोळ्यांनी काय एका दिसात उतरती व्हय?"

मी सारिका. पवनानगरच्या अलीकडच्या एका वाडीत आशा म्हणून अठरा वर्षं काम करते. घरोघर जायचं, गरोदर बायांची नोंद ठेवायची, बाळंतपण झालं की बाळ बघायला जायचं, लसीच्या दिवशी पोरं गोळा करायची. माझं सासर आणि माहेर एकाच वाडीत, मध्ये फक्त मारुतीचं देऊळ. त्यामुळे रुसून माहेरी जायची सोय नव्हती, पण आईशी भांडायला रोज वेळ मिळायचा. आणि भांडण ठरलेलं. आशाची आई लोकांना लाथा मारून बरं करते! मीटिंगला गेले की कुणीतरी बाई हमखास विचारायची, "काय गं सारिका, आमची पण कंबर दुखतीय, येऊ का तुमच्याकडं?" आणि सगळ्या फिदीफिदी हसायच्या. माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

आईचं नाव नंदाबाई. तिच्या माहेरची जमीन धरणात गेली तेव्हा ती परकरात होती. पायाळू माणसावर वीज पडते असा समज, त्यामुळे वळवात ढग गडगडले की तिला घरात चुलीपाशी कोंडून घालायचे. बाकीची पोरं गारा वेचायची आणि ही आतून रडायची. पायाळूला जमिनीखालचं पाणी कळतं म्हणतात. तिला अनवाणी रानातून फिरवून दोन विहिरी खोदल्या होत्या. एकीला पाणी लागलं, एकीला नाही. लागलं त्या विहिरीचं नाव अजून निघतं. माझे वडील मी नववीत असताना गेले. त्यानंतर आईनं भातलावणी केली, दुसऱ्यांची भांडी घासली, आणि अलीकडं धरणाकाठी तंबू उभे राहायला लागले तेव्हा तिथं शनिवार-रविवार भाकऱ्या थापल्या. एकदा मुंबईचा एक पोरगा तंबूचा खुंटा ठोकताना अवघडला. आईनं त्याला पालथा पाडून पाय लावला. त्याच्या मैत्रिणीनं ते सगळं मोबाइलवर घेतलं. पोरगा उठून चालायला लागला आणि आईच्या पाया पडला. आठवडाभर ती हवेत होती. मी मात्र तिला फाडफाड बोलले. तेव्हा माझी खात्री होती की शहाणी मी आहे.

आमच्या घरापासून चौथं घर सरदारभाईंचं. पवनानगर ते कामशेत जीप चालवतात. त्यांची बायको खुर्शीदा, आणि त्यांना लग्नानंतर नऊ वर्षांनी झालेली एकुलती एक मुलगी, नूर. नूरच्या जन्मानंतर तिसऱ्या दिवशी मी वजनकाटा घेऊन गेले. गोरीपान, केसाळ पोर. माझ्या छापील कागदावरचे सगळे रकाने मी भरत होते. तेवढ्यात खुर्शीदानं दुपट्यातून तिचे पाय काढून दाखवले. "सारिकाताई, हिचे अंगठे बघा ना. असे का वो?"

दोन्ही पायांचे अंगठे आखूड होते आणि आत, बाकीच्या बोटांकडं वळलेले. मी बघितले. खोटं कशाला बोलू, नीट बघितले. पण नऊ वर्षांनी झालेलं लेकरू, खुर्शीदाचा चेहरा फुललेला, आणि मला अजून दोन घरं करायची होती. मी म्हणाले, "काही नाही गं. चालायला लागली की सुटतील." कागदावर प्रश्न होता, बाळाच्या शरीरात काही व्यंग आहे का? मी "नाही"वर बरोबरची खूण केली.

नूर चालायला लागली. अंगठे काही सुटले नाहीत. पण पळायची मात्र अशी की धरून आणावं लागायचं. माझ्या आईचा आणि तिचा भारी दोस्ताना. आई भाकरी थापायला बसली की ही शेजारी बसून पिठाच्या बाहुल्या करायची.

नूर सहा वर्षांची असताना शाळेच्या पायरीवरून पडली. फार लागलं नव्हतं. पण दोन दिवसांनी उजव्या खांद्याच्या मागं सूज आली, लिंबाएवढी. मान अवघडली. तिसऱ्या दिवशी, मंगळवारी, सकाळी खुर्शीदा तिला घेऊन माझ्याकडं आली. मी आईच्याच घरी होते, तिथून पुढं जायचं होतं. सरदारभाईंची जीप बाहेर उभी. ते म्हणाले, "ताई, वडगावला तुमी चाललाच हायसा. नूरला बी घेऊ का संगट? तुमी असला की दवाखान्यात नीट बघत्यात."

आता ऐका, मी त्या दिवशी वडगावला कशाला चालले होते. तालुक्यातल्या आशांचा कार्यक्रम होता आणि मला उत्कृष्ट कामाचं प्रशस्तिपत्रक मिळणार होतं. शाल, नारळ, फोटो. मी नवी जांभळी साडी नेसले होते. पोरीला घेऊन गेले असते तर रांगेत बसावं लागलं असतं, आणि माझं नाव पुकारतील तेव्हा मी दवाखान्याच्या बाकावर असते. एवढंच. एवढ्याशा गोष्टीसाठी मी बोलले, "अहो, पडलीय ना, उसण भरली असणार. आज आईकडून पाय लावून घ्या. नाही उतरली तर शुक्रवारी मी स्वतः नेते."

आयुष्यभर आईच्या पायाला नावं ठेवणारी मी!

खुर्शीदानं नूरला सतरंजीवर पालथं निजवलं आणि ती सरदारभाईंना डबा द्यायला बाहेर गेली. आई जवळ बसली. पायाआधी तिनं हात लावला, आणि तिचा चेहरा बदलला. मला बाजूला घेऊन म्हणाली, "सारे, पोरीचं अंग तापलंय. हितं गाठ लागतीया, दगडावानी. ही उसण न्हाई. मला न्हाई बरं वाटत. घिऊन जा तिला दवाखान्यात."

मी पदराला पिन लावत होते. म्हणाले, "लाव गं आई. जगाला लावतेस आणि घरच्या पोरीला लावायला नखरे? आणि तीन दिवस नीट लाव. दाबून."

मी म्हटलं म्हणून तिनं लावला. माझ्या आईला माझ्या शिक्षणाचा, माझ्या डायरीचा, माझ्या त्या निळ्या पिशवीचा फार दरारा होता. तिला वाटलं, सारी म्हणतीय म्हणजे तिला जास्त कळतंय. मंगळवारी लावला, बुधवारी लावला. गुरुवारी नूर एवढी किंचाळली की तीन घरांत ऐकू गेलं. मी तोपर्यंत प्रशस्तिपत्रक चौकटीत बसवून भिंतीवर लावलं होतं.

शुक्रवारी नूरचा उजवा हात खांद्यातून वर होईना.

मग धावपळ सुरू झाली. वरातीमागून घोडं! कुणी मलम दिलं, कुणी दंडात इंजेक्शन दिलं, तर त्या इंजेक्शनच्या जागीही सूज. शहरातल्या एका दवाखान्यात, त्याचं नाव घेत नाही, गाठ कॅन्सरची असेल म्हणून तुकडा काढून तपासायला पाठवला. कॅन्सर नव्हता. पण तुकडा काढल्यापासून सूज खांद्यावरून कोपरापर्यंत उतरली आणि जिथं जिथं उतरली तिथं मांस जाऊन हाड लागायला लागलं. दोन महिन्यांत कोपर वाकलेलंच आखडून बसलं. सरदारभाईंनी जीप चालवणं जवळजवळ सोडलं. खुर्शीदाचे डोळे कायम सुजलेले. सगळ्यांना एकच काळजी, पोरीचा हात सुटेल का, आणि दुसरा तरी राहील का.

आठ महिन्यांनी आम्ही पुण्यातल्या एका मोठ्या रुग्णालयात पोचलो. मी बरोबर होते. आता मी सगळीकडं बरोबर असायचे. तिथं डॉक्टर अनघा म्हणून एक तरुण बाई होत्या. त्यांनी एक्स-रे लावून बघितले. खांद्याच्या फऱ्यापासून दंडापर्यंत हाडाची एक फांदी गेलेली, जिथं हाड असायला नको तिथं. मग खुर्शीदाला म्हणाल्या, "हिचे पायमोजे काढा."

मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. हात दुखतोय आणि पायमोजे? खुर्शीदानं काढले. डॉक्टरबाईंनी दोन्ही अंगठे नुसते बघितले. दाबले नाहीत, वळवले नाहीत. "हे जन्मापासून असे आहेत?"

"व्हय," खुर्शीदा म्हणाली.

"तेव्हा कुणाच्या लक्षात आलं नाही? कुणी लिहून ठेवलं नाही?"

मी माझ्या पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत राहिले. खुर्शीदानं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. तिच्या डोक्यात आलंच नव्हतं की ते लिहिण्याचं काम माझं होतं. मी तोंडाला कुलूप लावलं.

डॉक्टरबाईंनी समजावून सांगितलं. आजाराचं नाव एवढं लांब की माझ्या डायरीच्या एका ओळीत मावेना. त्या तीन अक्षरं म्हणायच्या, एफओपी. दहा-वीस लाखांत एखाद्याला होतो. अंगातलं मांस, शिरा, सांध्यांचे बांध, यांचं हळूहळू हाड होतं. मार लागला, सुई टोचली, चिरलं, रगडलं, ताणलं, की शरीर त्या जागी नको ते हाड घडवायला घेतं. कापून काढलं तर आणखी घडवतं. आणि जन्मताच त्याची एक खूण असते, पायाचे वाकडे अंगठे. ती ओळखणाऱ्यानं ओळखली तर पोराला जपता येतं. रक्त तपासणीला पाठवलं, दीड महिन्यानं पक्कं झालं.

खुर्शीदानं विचारलं, "डॉक्टर, आमच्या हितं एका बाईनं तिला पाय लावला होता, तीन दिवस. त्यानं झालं का?"

डॉक्टर अनघा म्हणाल्या, "आजार तिच्या रक्तातच आहे. तो होणारच होता. पण दाबलं की तो भडकतो. त्या दिवशी लगेच आली असती, आणि अंगठ्यांवरून कळलं असतं, तर हा हात कदाचित अजून काही वर्षं टिकला असता."

कदाचित. या एका शब्दानं सात वर्षं माझी झोप खाल्ली आहे. सरदारभाई उठून बाहेर गेले. मी त्यांच्या मागं गेले नाही, मला धीर झाला नाही.

वाडीत बोभाटा व्हायला किती वेळ लागतो? नंदाबाईनं पोरीचा हात घालवला. पाठवलं मी होतं हे सरदारभाई-खुर्शीदाला माहीत होतं, पण पाय लावणारीला हाताखाली कळायला हवं होतं, असं तेही धरून बसले. जी माणसं कंबर धरून आईच्या दारात रांगत यायची तीच आता तिला बघून रस्ता ओलांडायची. तंबूवाल्यांनी भाकऱ्यांसाठी दुसरी बाई बघितली. मी गप्प राहिले असते तरी एक वेळ ठीक होतं. पण चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात तसं मी केलं. आरोग्य केंद्रात मीटिंगला सगळ्यांसमोर विचारणा झाली की तुमच्या वाडीत असा प्रकार झालाच कसा. मी उभी राहून म्हणाले, "काय करणार, घरातच अडाणीपणा आहे. माझं कुणी ऐकलंच नाही."

जिभेला हाड नसतं हे खरं. मी बोलून खाली बसले आणि शेजारच्या बाईनं माझ्या पाठीवर हात ठेवला.

ते आईच्या कानावर गेलंच. संध्याकाळी मी तिच्याकडं गेले तर ती तांदूळ निवडत होती. मला वाटलं आता शिव्या देईल. द्यायला पाहिजे होत्या. तिनं मान वर न करता विचारलं, "जेवलीस का?" मी म्हणाले, जेवले. ती म्हणाली, "मंग जा. पोरं वाट बघत असतील." तो विषय तिनं पुन्हा कधी काढला नाही. मीही नाही.

त्या दिवसापासून आईनं कुणाला पाय लावला नाही. लांबून, माहीत नसलेली माणसं यायची. ती म्हणायची, "गुण गेला पायाचा. दवाखान्यात जावा." उन्हाळ्यातही पायात मोजे घालून बसायची. आणि रोज सकाळी साडेसातला खुर्शीदाच्या दारात जायची.

कारण नूरला स्वतःचे केस विंचरता येत नव्हते. उजवा हात तर गेलाच होता, डावाही खांद्याच्या वर पुरता जात नव्हता. खुर्शीदा पहाटे एका रिसॉर्टवर चपात्या लाटायला जायची ती नऊला परत यायची, शाळा आठची. आईनं ठरवलं, वेण्या मी घालणार. खुर्शीदानं दार उघडू दिलं नाही. तिला वाडीतल्या बायकांनी सांगून ठेवलं होतं, आणि तिच्या जागी मी असते तर मीही उघडू दिलं नसतं. ती कामावर जाताना आतून कडी लावून घ्यायला सांगायची. सरदारभाई आत असले तरी उठायचे नाहीत. आई ओट्यावर बसायची, आठ वाजले की उठून यायची. पोर विस्कटलेल्या केसांनी शाळेत जायची. असे एकतीस दिवस. बत्तिसाव्या दिवशी खुर्शीदा कामावर गेली नाही. तिनं दार उघडलं, आईच्या हातात कंगवा दिला आणि चुलीकडं वळली.

आणि मी? मी नूरच्या आजाराची अशी काळजी घेतली की आरोग्य केंद्रात माझं उदाहरण देतात. शाळेत जाऊन शिक्षकांना सांगितलं, हिला दाराजवळच्या पहिल्या बाकावर बसवा, खेळाच्या तासाला धक्काबुक्कीत सोडू नका. अंगणात लादी बसवून घेतली, पायऱ्यांना कठडा करून घेतला. कुणीही मांसात इंजेक्शन द्यायचं नाही, दाताच्या डॉक्टरनंही आधी विचारायचं, असा डॉक्टर अनघांच्या सहीचा कागद प्लास्टिकमध्ये घालून तिच्या दप्तरात ठेवला. कुठं सूज दिसली तर चोवीस तासांच्या आत ठरलेल्या गोळ्या सुरू करायच्या. त्या गोळ्या मी पुण्याहून आणून ठेवते, कधी संपू देत नाही. लोक म्हणायचे, सारिकासारखी आशा नाही. मला ते टोचायचं. पण मी ऐकून घ्यायचे.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. सकाळी आठलासुद्धा वेळ होता. आई अनवाणी, मोजे न घालता, पळत माझ्या दारात आली. सहासष्ट वर्षांची बाई, धाप लागलेली. "सारे, नूरचा डावा खांदा गरम लागतोय. केस बाजूला सारताना हाताला लागला. सूज दिसत न्हाई अजून, पर हाय. मला म्हाईत हाय तो ताप."

या वेळी मी पिन लावत बसले नाही. त्याच पावली गेले, डॉक्टर अनघांना फोन लावला, पहिली गोळी सव्वाआठला दिली. संध्याकाळी सूज दिसायला लागली. चार दिवस वाढली आणि पाचव्या दिवशी उतरायला लागली. डावा हात थोडा आखडला, पण राहिला. आज नूर त्याच हातानं जेवते, लिहिते, मोबाइलवर टाइप करते. डॉक्टर म्हणाल्या, इतक्या लवकर क्वचित कुणाच्या लक्षात येतं. मी आईला ते सांगितलं. ती म्हणाली, "तवा बी आलतं की." एवढंच म्हणाली आणि भाजी चिरायला लागली. मी तिच्या पाया पडायला पाहिजे होतं. मी म्हणाले, "मीठ कमी घाल, बीपी आहे तुला."

गेल्या भाद्रपदात आई गेली. तापाचं निमित्त झालं, आठ दिवसांत आटोपलं. शेवटच्या दिवशी मी उशाशी होते. माझ्या मनात शंभरदा आलं की आता तरी म्हणावं, आई, माझं चुकलं. प्रत्येक वेळी कुणीतरी आत यायचं, कधी चहा घेऊन, कधी चौकशीला. खरं सांगू? कुणी आलं नसतं तरी मी म्हटलं नसतं. आई म्हणाली, "नूरच्या केसांना खोबरेल लावत जा. जटा होत्यात." हे तिचं माझ्याशी शेवटचं बोलणं.

तेव्हापासून सकाळी साडेसातला मी जाते. नूर आता चौदा वर्षांची आहे, नववीत. जीभ माझ्यापेक्षा तिखट. आखडलेल्या उजव्या हाताला ती "माझा सरकारी हात" म्हणते. "जागेवर असतो मावशी, पण काम करत नाही." मी हसते आणि मान फिरवते.

बारा-तेरा दिवसांपूर्वी मी ठरवूनच गेले. नूर स्टुलावर बसली होती, पाठ माझ्याकडं. तोंडासमोर बोलायची हिंमत नव्हती, पाठीमागून बोलता येईल असं वाटलं. मी भांग पाडला, एक बाजू बांधून ठेवली आणि म्हणाले, "नूर, तुला एक सांगायचंय. तू सहा वर्षांची होतीस. तो मंगळवार..."

"हळू विंचरा मावशी, ओढतंय."

मी कंगवा सोडवला. "त्या दिवशी नंदाआजीनं तुला पाय लावला ना..."

"तुम्ही लावायला लावला," नूर म्हणाली. "मला माहितीये."

माझे हात तिथंच थांबले.

"मी सतरंजीवर पालथी होते ना. तोंड खाली होतं, कान उघडेच होते की. आजी म्हणाली, ही उसण न्हाई. तुम्ही म्हणालात, लाव गं, दाबून." तिनं माझ्या आवाजाची नक्कल केली, पण वाईट भावनेनं नाही. "तुमच्या साडीचा रंग पण आठवतोय. जांभळा."

मला बसायला काही नव्हतं. मी खाली फरशीवरच बसले. "मग तू कुणाला बोलली का नाहीस?"

"आजीनं शपथ घातली होती. पुण्याहून आलो ना, त्यानंतर अम्मी दार उघडू द्यायची नाही तेव्हा. आजी मागच्या खिडकीपाशी आली होती. म्हणाली, पोरी, सारीचं नाव घिऊ नगंस. तिची नोकरी गेली तर तुज्या गोळ्या कोन आनंल? कागद कोन वाचंल? माझा काय, म्हातारा पाय. त्याला नावं ठिवली तरी काय बिघडतंय." मग नूर म्हणाली, "दुसरी वेणी राहिलीय."

मी उठले. दुसरी वेणी घातली. कशी घातली मला माहीत नाही. वाकडीच झाली असणार. सरदारभाई तिला शाळेत सोडायला घेऊन गेले आणि मी ओट्यावर बसून राहिले. नऊ वाजता खुर्शीदा पिठाचे हात पदराला पुसत आली. मी तिला सगळं सांगितलं. तिसऱ्या दिवशी बघितलेले अंगठे, कागदावरची ती खूण, जांभळी साडी, "दाबून" हा शब्द, आरोग्य केंद्रातलं माझं भाषण. सगळं. मध्ये ती एकदाच बोलली, "नंदामावशी एकतीस दिस हितं बसली, तवा तुमी कुटं होता?" ती आत गेली आणि तिनं कडी लावली.

घरी येऊन मी ती प्रशस्तिपत्रकाची चौकट उतरवली. भिंतीवर चौकोनी डाग राहिलाय, तो तसाच आहे.

दुसऱ्या दिवशी साडेसातला मी गेले. दार बंद. ओट्यावर बसले, आठला उठले. आता रोज जाते. खुर्शीदानं कामाची वेळ बदलून घेतलीय. वेण्या तीच घालते. कधीकधी आतून नूरचा आवाज येतो, "अम्मी, हळू, ओढतंय." पहिल्या तारखेला मी गोळ्यांचं पाकीट उंबऱ्यावर ठेवलं. ते मात्र तिनं उचलून घेतलं.

आज बारावा दिवस. आईला एकतीस लागले होते, आणि तिची तर चूकही नव्हती.